हिऱ्याचं कोंदण आणि माझी दाढ

ती. ताईस,

वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. (भाऊजी स्वतः कधीच आटोक्यात नसतात, म्हणून फक्त खोकल्याचं विचारते.)

इकडे सगळं ठीक. म्हणजे चिरंजीव धड जेवत नाहीत, होणारी सून बरेच दिवस फिरकलेली नाही आणि माझी दाढ दुखते, एवढं सोडलं तर. तिचं नि माझं बिनसलंय, तेही अंगठीवरून. तुझ्या हरवलेल्या कानातल्याच्या जोडीचा एकटा उरलेला हिरा तू माझ्या लेकाच्या लग्नासाठी दिलास, तो घेऊन आम्ही तिघं सोनाराकडे गेलो. त्याने दोन नमुने मांडले. एकात हिरा चार नख्यांवर उंच उभा, चहूकडून उजेड घेणारा. दुसरं बंद कोंदण, म्हणजे भोवती सोन्याची कड आणि हिरा आपला गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन झोपलेला. मी उंच नख्यांवर बोट ठेवलं, तिने बंद कोंदणावर. सोनाराने लेकाकडे पाहिलं, लेकाने पंख्याकडे. (थेट वडिलांवर गेलाय.)

ती दातांची डॉक्टर. म्हणाली, नख्या हातमोज्यात अडकतात, मोजे फाटतात. मी म्हटलं, मग कामाच्या वेळी काढून ठेव. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "विचार करते." ताई, आपल्या घरात असं कोणी बोलत नाही, आपण सरळ भांडतो. त्यानंतर ती आलीच नाही, आणि मग एकदा लेक ताटावरून उठताना म्हणाला, "आई, ती आता लग्नाचाच विचार करतेय." मी आपलं तोंडाने म्हटलं, करू दे.

त्यात दाढेने उचल खाल्ली. घरचं माणूस असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून तिच्याच दवाखान्यात गेले. (दाढ थोडीशीच दुखत होती. पण होती.) तिने मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि मग अंगठीचा विषय काढला. समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची वेळ माझ्यावर लग्नानंतर प्रथमच आली. म्हणाली, "काकू, काढून ठेवायची अंगठी मला नकोय. दिवसभर बोटात राहील अशी हवीय. त्याने दिलेली असणार ना ती." माझ्या डोळ्यांना धार लागली. तिने विचारलं, दुखतंय का? मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते आठवत नाही.

तरीही सांगते, उंच नख्यांची शोभा वेगळीच. माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

तुझी,
धाकटी (अजून न नमलेली)

ता. क. : ती दोघं रविवारी तुझ्याकडे येताहेत. लग्नाचं ते ऐकल्यावर मी घाबरून लेकाला सांगून टाकलं, की उंच नख्यांची अट मावशीची आहे, माझा बिचारीचा नाइलाज आहे. तेव्हा थोडा वेळ अडून बस आणि मग तिचं ऐक. फार ताणू नकोस.

ता. क. २ : अंगठी सोबत पाठवलीय. बंद कोंदणाचीच. दवाखान्यातून सुजलेला गाल घेऊन मी थेट सोनाराकडे गेले होते. तुझ्यासमोर लेकाला ती तिच्या बोटात घालायला लाव, आणि तिला म्हणावं, आता घरी ये. लेकापेक्षा मीच जास्त वाट बघतेय. (हे मात्र सांगू नकोस.)