सात नंबरच्या काठीची मूठ

मी, नियाज अजमल शिकलगार, वय ६९, धंदा गोल्फच्या जुन्या काठ्या दुरुस्त करणे, राहणार पाटण, जिल्हा सातारा, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा या कागदावर नोंदवून ठेवतो. घरी आम्ही दखनी बोलतो. हा कागद कचेरीत वाचला जाणार म्हणून मराठीत लिहिला. शुद्धीचे मुद्दाम लिहिले, कारण कलम ४ वाचून कोणीतरी शंका काढील.

१. पाटणचे दोन खोल्यांचे घर व मागची पत्र्याची शेड. पत्नी जन्नतबी हयात असेतोवर तिला तेथून कोणी हलवू नये. बाकी वाटणी शरियतीप्रमाणे. तीत मी हात घालत नाही.

२. शेडमधली सर्व हत्यारे, म्हणजे व्हाइस, कानशी, मूठ चिरायची आकडी सुरी (माझ्या अंगठ्यावरच्या जुन्या घावाची रेघ हिचीच), पॉलिशचे चाक, मुलगी सुमैरा हिला द्यावीत. माझे काम तिच्याच हाताला आले आहे. एका वारसाला असे जादा द्यायचे तर इतरांची संमती लागते. मुलगा सद्दाम याने माझ्या पश्चात ती देण्याचे आईसमोर कबूल केले आहे. सद्दामचे सांगलीत खेळाच्या सामानाचे दुकान आहे, सगळा माल नवा. एकदा गिऱ्हाइकासमोर तो म्हणाला, ‘अब्बा मढ्याला पावडर लावत्यात.’ त्यानंतर चार वर्षे मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही. तो राग मी या कागदाने सोडतो. पण त्याचे म्हणणे चूक होते. काठीचे लोखंड माणसापेक्षा जास्त टिकते. झिजते ती रबराची मूठ. ती बदलली की नवी काठी घ्यायचे कारण उरत नाही.

३. शेडच्या कपाटात हिरव्या कापडात गुंडाळलेली सात नंबरची काठी आहे. ती माझ्या मिळकतीत धरू नये. ती अमानत आहे, फलटणचे कर्नल लालासाहेब यांची.

पुण्याच्या एका लष्करी मैदानावर मी काठ्या दुरुस्त करीत होतो, तेव्हापासूनची आमची ओळख. उत्तरेच्या बर्फात साहेबांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट गेले होते. साधी मूठ त्यांच्या हातात फिरायची. मी आतून पट्टीचे जादा वेढे देऊन तीन बोटांना बसेल अशी मूठ बांधून दिली. साहेबांनी ती हातात घेतली आणि काठी दोनदा फिरवून पाहिली. मग म्हणाले, ‘नियाज, गड्या, हात परत दिलास.’ पुढे मी पाटणला परतलो, ते निवृत्त होऊन फलटणला. रोज सकाळी ऊस निघालेल्या रानात ते याच काठीने चेंडू मारीत. दरसाल दिवाळीनंतर ती मूठ बदलायला माझ्याकडे येई.

४. साहेब २०१९ च्या श्रावणात गेले. महिन्याभरात त्यांचा मुलगा यशराज साहेबांच्या काठ्यांची सगळी पिशवी घेऊन आला. नवीन संच घ्यायचा नाही, हाच वापरायचा, तेव्हा सगळ्या मुठी साध्या करा, म्हणाला. मी केल्या. बाकीच्या काठ्यांची तक्रार कधी आली नाही. सात नंबरची मात्र पंधरा दिवसांत परत आली, मूठ फाटलेली. यशराज म्हणत होता की त्या दिवसापर्यंत त्याने पिशवी उघडलीसुद्धा नव्हती. मला वाटले, पोरगा खोटे बोलतो.

मी पुन्हा साधी मूठ बसवली आणि काठी शेडमध्ये टांगली. आम्ही सगळे एका लग्नासाठी आठ दिवस सांगलीला गेलो. कुलूप मी लावले, किल्ली जन्नतबीच्या कमरेला. परत आलो तेव्हा कुलूप जसेच्या तसे होते. काठी टांगलेल्या जागीच होती. मुठीचे रबर खालच्या बाजूला सोलून निघाले होते. सुमैराने ती उजेडात धरली, बोटे लावून पाहिली आणि म्हणाली, ‘अब्बा, धराय येत न्हाई म्हणून कुणीतरी ओरबाडलंय.’

त्याच दुपारी मी जादा वेढे देऊन तीन बोटांची मूठ बांधली. ओरबाडणे थांबले. पण झीज थांबली नाही. दर दिवाळीला कापड सोडतो, तेव्हा मुठीवर एका हंगामाच्या खेळाएवढी झीज असते. डाव्या हाताच्या जागी अंगठ्याची एक खूण, बोटांच्या दोन. आजवर पाच वेळा मूठ बदलली. मौलाना म्हणतात, असे बोलू नये. मी अर्थ लावत नाही, पाहिले तेवढे लिहितो.

५. यशराजला मी सांगितले होते की ती काठी पिचली, मोडीत घातली. तो ती विकून टाकील या भीतीने बोललो. चाळीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाशी बोललेले हे एकच खोटे. ते घेऊन कबरीत जायचे नाही, म्हणून गेल्या महिन्यात त्याला बोलावून सगळे सांगितले. तो रागावला. मला चोर म्हणाला, आणि ते मी ऐकून घेतले. मग कापड सोडून काठी त्याच्या हातात दिली.

त्याचा चेहरा उतरला. ‘चाचा, मूठ गरम हाय,’ तो म्हणाला. ‘आत्ता कुणाच्या तरी हातातनं काढून दिल्यागत.’

माझा हात लावून पाहिला. गरम होती, आणि घामाने ओलसर. यशराजने ती दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, तिच्या पाया पडला, आणि तुमच्याकडंच राहू द्या म्हणाला. बाहेर जाऊन तो पायरीवर बराच वेळ बसून होता. जन्नतबीने त्याला चहा दिला.

६. माझ्यामागे ही काठी सुमैराने सांभाळावी. विकू नये, कोणाला दाखवू नये, आणि दिवाळीनंतर मूठ बदलण्यात एकही साल चुकवू नये. ज्या साली मूठ कोरी निघेल त्या साली काठी फलटणला यशराजच्या घरी पोचती करावी आणि साहेबांच्या नावाने कोणा भुकेल्याला जेवू घालावे.

आणि बेटा, एखाद्या साली त्या तीन बोटांच्या वर दुसऱ्या कोणाच्या हाताची झीज दिसली, अंगठ्यावर सुरीच्या जुन्या घावाची रेघ असलेली, तर भिऊ नकोस. मी जन्मात कधी चेंडू मारला नाही. साहेब मला नेहमी म्हणायचे, एकदा मारून तर बघ.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि खालील दोघांच्या समोर सही केली.

सही: नियाज अजमल शिकलगार

साक्षीदार:
१. आकाराम, शेजारी, पाटण
२. विश्वजीत, निवृत्त शिक्षक, पाटण

स्थळ: पाटण
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५