येळवशीच्या दोन कोपी

आत्याबाई, उद्या येळवस, आपली रानातली वेळ अमावस्या. तुमची थोरली सून सकाळपासून तुरीच्या शेंगा सोलून आत्ता कुठं उठली आहे. बोटं काळपट झालीत आणि गुडघे कुरकुरताहेत. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दाण्या-पालेभाज्यांच्या भज्जीला बेसन किती घ्यायचं ते मी अजून तुमच्याच मुठीनं मोजते. तुमची मूठ माझ्यापेक्षा मोठी, म्हणून एक जास्तीची घेते.

लग्नानंतरची पहिली येळवस आठवते. मी कळंबची, बाजारपेठेत वाढलेली. आम्ही दुसऱ्याच्या शेतात जाऊन भज्जी-आंबील हाणून यायचो. वाढणारीचा जीव कसा टांगणीला लागतो हे कुठं ठाऊक होतं? रानात कडब्याची खोपटासारखी कोप उभी आहे, आत पाच पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले पाच दगड, पूजा झालेली, आणि तुम्ही पदर खोचून थेट रस्त्यावर उभ्या. मोटारसायकली अडवल्यात ते ठीक, तुम्ही एसटीसुद्धा अडवलीत. ड्रायव्हर हसत म्हणाला, "मावशी, टाइम व्हतोय की." "आमुशाला माझ्या रानावरनं उपाशी जातूस व्हय रं? उतर खाली!" आतली सात-आठ माणसंही उतरली. मी घाबरून पातेल्यात डोकावले, तर मागून तुमचा आवाज आला, "पातेल्यात काय बघतीस? माणसाकडं बघ." तेही सगळ्यांदेखत. मला रडू आलं आणि रागही आला. भज्जी मात्र पुरली, वर उरलीसुद्धा.

ऐन तिशीत कुंकू गेलं तरी तुम्ही कुणापुढं मान खाली घातली नाहीत. तलाठी दारात आला की त्याला आधी पाणी द्यायचात आणि मग उलटतपासणी घ्यायचात. वाटणीसुद्धा तुम्हीच केलीत. दोघं पोरं भांडायच्या आत, धडधाकट असताना, हातात दोरी घेऊन बांध आखलात. विहिरीकडचा तुकडा धाकट्याला दिलात, रस्त्याकडचा आम्हाला. मला ते फार लागलं. तेव्हाच तोंड उघडून भांडले असते तर बरं झालं असतं, पण मी गुणी सून होते ना, गप्प बसले. धाकटी जाऊ पलीकडच्या गल्लीत राहायला गेली, तुम्ही आमच्यात राहिलात. त्या वर्षी येळवशीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "धाकटीला सांगून ये. रान दोन झालं तरी कोप एकच आन् भज्जी बी एकच." मी चपला घातल्या, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गिरणीत दळण टाकलं आणि तिथूनच मागं फिरले. "सांगितलं," म्हणाले तुम्हाला.

दुसऱ्या दिवशी बांधाच्या दोन्ही अंगांना दोन कोपी. तिला वाटलं, आपल्याला बोलावलंच नाही. तुम्हाला वाटलं, बोलावूनही आली नाही. "लई शानी झाली," एवढंच पुटपुटलात. मग बरोबर बांधावर मांडी घातलीत, दोन्हीकडचं एकाच ताटात वाढायला लावलंत, जेवलात, आणि तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत. पुढची दोन वर्षं, अगदी शेवटपर्यंत, तिचा उंबरा ओलांडला नाहीत. वाटेवरच्या परक्याला हाताला धरून जेवायला आणणारी बाई तुम्ही, आणि घरच्या सुनेकडं पाठ केलीत ती माझ्यामुळं.

तुम्ही गेल्यावरच्या येळवशीला मी स्वतः तिच्या दारात गेले. "उद्या एकच कोप करू," एवढंच म्हणाले. ती लगेच सूप उचलून माझ्यामागं आली. तेव्हापासून कोप एकच आहे. रान, घर, पै-पाहुणे सगळं मी नीट सांभाळलंय, रस्त्यावरची माणसंही अडवते, हे कुणापुढंही ताठ मानेनं सांगेन. तुम्ही असता तर चुका काढल्या असत्यात, पण थोड्याच.

आज शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "अक्का, आत्याबाई माझ्यावर का वं रुसल्या व्हत्या? म्या काय केलं व्हतं, अजून कळंना." हे ती अधूनमधून विचारते. मी नेहमीसारखं म्हणाले, "म्हातारपण, दुसरं काय." माझं पाप तुमच्या म्हातारपणावर ढकललं आणि दाणे निवडत राहिले. ती ताक आणायला घरी गेली, तेव्हा हे लिहायला बसले.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, आणि तिच्या हातातही मी तो देणार नाही. हे तोंडानंच सांगायला हवं. ती येईलच आता, आंबिलीची तयारी करायची आहे. चिडली, चार शब्द बोलली, तर ऐकून घ्यायला मी खंबीर आहे. भीती वेगळीच आहे, आत्याबाई. ती "असू द्या, अक्का" म्हणेल आणि पदर खोचून कामाला लागेल.