वर चालत नाही

बाबा, येत्या रविवारी माझा सत्कार आहे. कॉलनीतली आपली मराठी मंडळी करतायत, शाल, नारळ, सगळं रीतसर. मैकलच्या रांगेतली सगळी उंच शिखरं चढून आलेली साठीची बाई म्हणून. निमंत्रणावर माझ्या नावाखाली छापलंय, 'वडिलांचा वारसा पुढे नेणारी कन्या'. ते वाचलं आणि हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. मला पाच मिनिटं बोलायचंय, तुमच्याबद्दल. त्याची तयारी करायला बसते आणि भलतंच लिहून होतं, म्हणून म्हटलं, हे भलतं आधी तुम्हालाच लिहून मोकळं व्हावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला जरा थांबावं लागतं. एक वाक्य सोडून. ते जसंच्या तसं ऐकू येतं.

आई गेली तेव्हा मी दहाची होते. तुम्ही रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर, नातेवाईक सगळे तिकडे भंडाऱ्याकडे, रायपुरात हक्काचं असं कोणी नाही. पुढच्याच हिवाळ्यात तुम्ही आणि वर्कशॉपातले तुमचे तिघे दोस्त, चौघांनी मिळून मैकलची सगळी उंच टोकं चढायचं मनावर घेतलंत. शनिवारी ड्युटी सुटली की कवर्ध्याची बस, तिथून मिळेल ती जीप नाही तर ट्रक, पायथ्याच्या गावात शाळेच्या ओसरीवर मुक्काम आणि रविवारी उजाडलं की डोंगर. मला घरी कोणाजवळ ठेवणार? म्हणून मीही बरोबर. लोकांना त्याचं केवढं कौतुक! आईविना पोर, पण बाप तिला सोडून कुठे म्हणून जात नाही. खरंच होतं ते. डोंगराच्या पायथ्यापर्यंत तुम्ही मला कधीच सोडलं नाहीत.

पहिल्या रविवारी मी शाळेचे कॅनव्हासचे बूट घालून, वेणी घट्ट घालून सगळ्यांच्या आधी तयार. तुम्ही माझ्याकडे न बघता पिशवी खांद्याला लावलीत आणि म्हणालात, "तू इथंच थांब. वर देव आहे. बायाईले वर चालत नाही." मी म्हटलं, "मी बाई थोडीच आहो? मी त पोट्टी आहो." तुमचे दोस्त हसले. तुम्ही हसला नाहीत. "पोट्टीले बी नाही चालत," एवढं म्हणून निघालात. मी ओसरीवर बसून तुमची पाठ सालवृक्षांच्या रानात शिरेपर्यंत बघत राहिले. मग शाळेसमोर राहणाऱ्या एका म्हातारीनं तीन दगड मांडून दिले, लाकडं दिली आणि मी खिचडी टाकली, कारण तांदूळ आणि डाळ तुम्ही माझ्याजवळ ठेवून गेला होतात.

मग तेच सुरू झालं. डोंगर बदलायचा, गाव बदलायचं, ओसरी बदलायची, खिचडी तीच. तुम्ही चौघं दुपार कलताना उतरून यायचात, लाल झालेले, घामेजलेले, आपसांत वरच्या गोष्टी बोलत. तिकडे दुसऱ्या अंगाला कसं दिसतं, वारा कसा होता, कोण कुठे घसरला. मी वाढायची. एक काका दर वेळी म्हणायचे, "हिच्या खिचडीसाठीच त चढतो आपन!" आणि मला ते इतकं आवडायचं, बाबा, की आज त्याची लाज वाटते. प्रत्येक डोंगराचा पायथा मला पाठ झाला. वर काय होतं ते मी तुमच्या बोलण्यावरून जुळवत बसायची.

आणि एकदा मी मागोमाग आले. तुम्ही गेल्यावर थोड्या वेळानं, चूल विझवून. पहिल्या चढणीनंतर एक सपाट जागा होती, तिथपर्यंत पोचले असेन. तिथून शाळेचं छप्पर दिसत होतं, आमची चूल दिसत होती, आणि मला आठवतंय, मी एकटीच मोठ्यानं हसले. तुमच्यातला कोणीतरी काठी विसरली म्हणून परत फिरला होता, त्यानं हाक मारली आणि तुम्ही उतरून आलात. माझं मनगट धरून तुम्ही मला खाली आणलंत. खाली आल्यावर म्हणालात, "देव कोपला त कोन जबाबदार? सांग!" त्या दिवशी तुम्ही परत वर गेला नाहीत. त्या डोंगरासाठी पुन्हा एकदा यावं लागलं, हेही नंतर माझ्या नावावर लागलं.

त्याच आठवड्यात तुम्हाला मलेरिया झाला. आता लिहिताना कळतं की त्या जंगलात डास होते आणि तुम्ही मच्छरदाणीशिवाय झोपायचात. पण तेव्हा मला काय माहीत? मला एवढंच माहीत की मी वर गेले आणि तुम्ही पडलात. आई गेलेली होतीच. आता तुम्हीही जाणार आणि ते मी केलं. रेल्वे क्वार्टरच्या त्या एका खोलीत तुम्ही दोन चादरी आणि वर गादी घेऊन कुडकुडत होतात आणि मी तुमचे पाय धरून रडत होते. "बाबा, मी नाही जाणार आता. देवाले सांगा ना, मी नाही जाणार." ती वेळ होती, बाबा. तेव्हा तुम्ही म्हणू शकत होतात की वेडी का तू, डास चावला मले. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "असू दे. आता नको जाऊ मंजे झालं." मी कितीतरी सोमवार उपाशी काढले. तुम्हाला वाटलं मी आईसाठी करते. बरे झालात आणि पुन्हा शनिवारची बस पकडलीत.

सगळी शिखरं झाली तेव्हा तुम्ही मला बक्षीस आणलंत. वर्कशॉपातून येताना बाजारातून घेतलेलं, खाकी कागदात बांधलेलं. मी कागद फाडताना तुम्ही समोर बसून हसत होतात, फार दिवसांनी. आत छोटा कुकर होता. "आता खिचडी लौकर होईन तुही," म्हणालात. तुम्ही मनापासून आणला होतात, हे मला तेव्हाही कळलं आणि आजही कळतं. त्यानं माझा राग जराही कमी होत नाही. उलट वाढतो.

मग मी मोठी झाले, नोकरी लागली, तुम्ही गेलात, लग्न, मुलगी, सगळं ओळीनं झालं. शेवटची वर्षं नव्या रायपुरातल्या ऑफिसात काढली, त्या रुंद रस्त्यावर बसची वाट बघत. रिटायर व्हायच्या हिवाळ्यात ऑफिसची पिकनिक गेली, तीही नेमकी तिकडेच, कवर्ध्याच्या पुढे. सगळे डोंगरावर निघाले आणि मी सवयीनं सतरंजीवर बसले. "मी सामान सांभाळते." एक पोरगी म्हणाली, "दीदी, आप क्यों नहीं?" मी सांगितलं, वर देव आहे, बायकांना चालत नाही. तेवढ्यात वरूनच एक बाई उतरत होती, डोक्यावर लाकडाची मोळी, पाठीला लेकरू बांधलेलं. तिनं ते ऐकलं आणि मोळी टेकवून मला विचारलं, "कोन कहिस तोला? हमन तो रोज चढ़थन." तुम्ही रोज चढता? मी म्हटलं, देवता आहे ना वर? "हव, हे देवता. त का होगे?" आहे, तर काय झालं, असं म्हणत ती खो खो हसली. तिची सासूच म्हणे तिथं दिवा लावते. मीही हसले, सगळ्यांबरोबर.

मी म्हटलं, एखाद्या डोंगराचं तसं असेल. म्हणून मी दुसऱ्या गावात गेले, तिसऱ्या गावात गेले. ओसरी असलेल्या त्या शाळा आता पक्क्या झाल्यात. सगळीकडे बायका वर जातात, चारोळी वेचायला, मोहाला, लाकडाला, पूजेला. सगळीकडे मी विचारलं आणि सगळीकडे लोक माझ्याकडे बघत राहिले. शेवटी तुमच्या चौघांतले जे एक काका उरलेत त्यांच्याकडे गेले, खिचडीची तारीफ करायचे तेच. कानानं कमी ऐकतात, बाकी शाबूत आहेत. मी सरळ विचारलं. ते पानाच्या डबीची उघडझाप करत राहिले. "तुही माय गेली होती," म्हणाले. "तू सारखी त्याले चिपकून राहे. त्याले दोन घंटे एकटं पाह्यजे होते. वर गेल्यावर तो आमच्याशी बी नाही बोले, तिकडे दूर जाऊन बसे. तुले नाही म्हनाची त्याची हिंमत नव्हती, तू रडली असती. म्हनून देवावर ढकललं. आमी बी मुंडी हलवली." मग डबी मिटून म्हणाले, "अन खिचडी बी पाह्यजे होती, खोटं काहून बोलू."

आपली भाषाही तुमच्या मदतीला आली, बाबा. चालत नाही. कोणाला चालत नाही, ते सांगावंच लागत नाही. देवाला? देवाला चालत होतं. गावाला चालत होतं. तुमच्या दोस्तांनाही चाललं असतं. फक्त तुम्हाला चालत नव्हतं, आणि तेवढा एक शब्द तुम्ही गाळलात. तुमची बायको गेली होती, तुम्हाला कुठेतरी बसून रडायचं असेल, आणि मी सारखी समोर. हे मला समजतं. बाईमाणूस आहे, संसार केलाय, माणसाला कधीकधी स्वतःचं लेकरूही नकोसं होतं हे मला कोणी शिकवायला नको. पण समजलं म्हणजे माफ झालं, असं कोणी सांगितलं? तुम्ही म्हटलं असतंत, "मले आज एकट्याले जाऊ दे," तर मी ऊर फुटेस्तोवर रडले असते आणि खिचडी टाकली असती. तुमच्या तापाचं पाप तरी घेऊन वाढले नसते.

मग मी चढायला लागले. काकांकडून आले त्याच आठवड्यापासून. लोकांना वाटलं छंद लागला. गुडघ्याला पट्टा बांधून, गावातलं कोणीतरी सोबत घेऊन, एकेक करत दोन-तीन हिवाळ्यांत तुमचे सगळे डोंगर मी संपवले. प्रत्येक माथ्यावर पोचले की आधी बघायची, तुम्ही कुठे बसला असाल. जरा बाजूला, दगडाला पाठ टेकायला मिळेल अशी जागा सगळीकडेच असते. तिथे जाऊन उभी राहायची आणि तुम्हाला बोलायची, तोंडाला येईल ते. सोबतच्या माणसाला वाटायचं बाई मंत्र म्हणते. मुलगी मला मराठीत कधी उत्तर देत नाही, शेवटचं शिखर झालं तेव्हा फोनवर म्हणाली, "मम्मी, आप तो बिलकुल नाना पर गई हो."

रविवारी मी काय बोलणार ते मला माहीत आहे. बाबांनी मला डोंगरांची ओढ लावली, असंच बोलेन. समोर तुमच्या वर्कशॉपातली माणसं, त्यांच्या सुना, नातवंडं; कोणासमोर काय उघडं करायचं? टाळ्या वाजतील. हा कागद कुठे टाकायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही, म्हणून एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, मुलीलाही सांगितलेली नाही. मला डोंगर आवडत नाहीत, बाबा. सगळे चढून बघितले. धाप लागते, गुडघे रात्रभर ठणकतात, आणि वर गेल्यावर काय बघायचं असतं तेच मला कळत नाही. अकराव्या वर्षी आवडले असते.