टेकचंदभाईंच्या खोलीतला गणपती

लालबाग, १७ सप्टेंबर १९५९

प्रिय कांता,

आज पहिल्या पाळीला गेलो. दुपारी येऊन भात टाकला, कपडे धुतले. काल आबांचं तेरावं झालं. तू बाळंतीण, येता आलं नाही हे मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या मुलाच्या नावावरून आबा शेवटपर्यंत भिवाकाकांशी भांडत होते.

सांगायचं आहे ते गणपतीचं. आबा चतुर्थीच्या तीन दिवस आधी गेले. आपला पाट आषाढातच मूर्तिकाराच्या कारखान्यात दिलेला, त्यावर मूर्ती तयार. घरात सुतक आणि मजल्यावर सगळी आपली भावकी, म्हणजे सगळ्यांनाच सुतक. मूर्तीला हात लावणार कोण? आबांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. शेवटी भिवाकाकाच म्हणाले, "त्या सिंध्याक इचारूया. तेका खंयचा सुतक?" फाळणीनंतर कराचीहून आलेल्या टेकचंदभाईंना कोपऱ्यातली खोली मिळाली, तेव्हा हेच काका त्यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

विचारलं तर टेकचंदभाई उठून उभेच राहिले. त्यांची बायको चंपा म्हणाली, "आमच्याकडे? सच?" खालच्या मजल्यावरच्या पोरांनी मखरामागे 'मुंबई आमची'चा फलक लावला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांच्या दिवसांत दार लावून बसणाऱ्या टेकचंदभाईंनी तो स्वतः सरळ केला. काका गॅलरीतून, कशाला न शिवता, पूजा सांगत होते. "दुर्वा उलटी धरलंस रे!" "काका, आप बस बोलते रहो."

आम्ही बाहेर गप्प उभं राहायचं ठरवलं होतं. पण आरतीच्या दुसऱ्या कडव्याला टेकचंदभाई अडले. मग सुतक विसरून काकांनीच आवाज लावला आणि सगळी गॅलरी गाऊ लागली. मीही. चंपाचे मोदक वड्यांएवढे झाले होते. सुतकात गोड खात नाहीत, असं सांगत काकांनी दोन खाल्ले.

विसर्जनानंतर चंपा पाट पुसून घेऊन आली. कराचीत त्यांचं देवघर तसंच राहिलं. पाट माझ्या हातात देताना तिने विचारलं, "पुढच्या वर्षी?" कांताला विचारून सांगतो म्हटलं, कारण आबांच्या वस्तूवर तुझाही हक्क आहे. तो पाट त्यांना द्यावा, गणपती आता त्यांच्याकडेच यावा आणि आपण तिथे जेवायला जावं, असं मला वाटतं. तू बाळाला घेऊन ये. हो म्हणालीस तर आजच्यासारखाच पहिल्या पाळीहून येईन आणि कोपऱ्यातल्या खोलीत पाट नेऊन देईन.

नळ आलाय, पाणी भरून घेतो. आता एक हंडा पुरतो.

तुझाच दादा,
आनंदा