पेरूच्या फॉर्मवर बाबांची सही

सोम. ४ जाने. ६५, पिंपळगाव राजा
फॉर्म आला! शिक्षक-अदलाबदल. एक वर्ष पेरू देश, कुस्कोच्या वरच्या डोंगरात माझ्या पत्रमित्राची, मातेओची शाळा. खर्च त्यांचा. जायचं एकट्यानं. वडलांची सही पाहिजे आणि २० ला टपालात पडला पाहिजे.
बाबा वांग्यांना पाणी देत होते. सांगितलं. "पेरू? आपल्या वावरात हाये ना झाड." स्वतःच हसले, फावडं घेऊन पुढच्या वाफ्यात. सही राहिली.

गुरु. ७ जाने.
मूर्ख मी, महामूर्ख. तीन वर्षं मातेओची पत्रं येताहेत. त्याचं इंग्रजी माझ्याहून मोडकं. मी मराठी करून मायला वाचून दाखवतो. आजचं नवं. लिहितो, तू आलास की घरच्या दोन कुई कापू, पाहुण्याचा मान. कुई? डिक्शनरीत 'उंदराच्या जातीचा लहान प्राणी'. मी सरळ वाचलं, दोन उंदरं. वर हेही वाचलं, की चुलीपाशीच पाळतात, गवत घालून.
माय भाकर थापता थापता थांबली. "उंदरं? सैपाकाच्या खोलीत?"
तोंडाला आवर घालायला काय झालं होतं मला.

शनि. ९ जाने.
गावभर झालं. पोस्टमन म्हणे, "मास्तर, भाजून का रश्श्याचा?" हेडमास्तर म्हणे, एकटेच जाणार? निदान सातूचं पीठ तरी न्या. एकटा म्हटलं की दया येते सगळ्यांना. खामगावला खडू आणायला निघालो तरी कोणीतरी संगं येतंच. मातेओ ट्रकमध्ये बटाट्याच्या पोत्यांवर बसून एकटा दोन-दोन दिवस जातो, खिंड ओलांडून. आणि मी इथं...

बुध. १३ जाने.
बाबांना जुनी पत्रं वाचून दाखवली. चिडून, मोठ्यानं. तिकडं बटाटे रात्रभर हिवात पसरतात, सकाळी अनवाणी तुडवून पाणी काढतात, वाळवतात, मग वर्षानुवर्षं टिकतात. दोन माणसं भेटली की आधी एकमेकांना कोका नावाच्या झुडपाची पानं देतात. ती राखेच्या वडीसंगं गालात धरायची, मग बोलणं.
बाबा तंबाखू मळत होते. मान वर केली. "गालात धरतात? मंग आपल्यासारखेच हायेत म्हना." मग बटाट्याबद्दल अर्धा तास. साल राह्यते का, कीड लागते का. सहीचं काढलं तर उठून गोठ्यात गेले. डोकं फोडून घ्यावं वाटतं.

रवि. १७ जाने.
मायशी भांडलो. लिहायला लाज वाटते. म्हटलं, तुझ्या त्या उंदरापायी माझा जन्म इथंच वांग्यात जाईल. कुई म्हणजे उंदीर नव्हे, सशासारखी असते, मीच चुकीचं वाचलं, किती वेळा सांगू?
माय मिरच्यांची देठं खुडत होती. "उंदीर खाय, नाहीतं हत्ती खाय. तुहं पत्र येईन तिकडून, थे मले कोन वाचून दाखवीन?"
"बाबा आहेत ना."
"तुहे बाबा मंधातलं गाळतात. तुह्या मामाच्या बिमारीचं गाळलं. मी गेली तं त्याची माती होऊन गेलती."
हे मला माहीतच नव्हतं. बसलो देठं खुडत.

मंगळ. १९ जाने.
उद्या शेवटची तारीख. शाळेतून आलो तर बाबा ओसरीवर, डोळ्यांवर चष्मा, पुढ्यात फॉर्म. मायनंच पेटीतून काढून दिला म्हणे. स्वतः शेजारी बसलेली, डोक्यावर पदर. बाबांनी एकेक ओळ मराठी करून मागितली. नाव, गाव, शिक्षण, बोट कुठून, कशी. झालं सगळं. माझं पेन घेतलं, टोपण काढलं आणि थांबले.
"हे सारं जायाचं हाय. वापस येयाचं कुठी लिवलं?"
उलटून पाहिलं. तसा रकानाच नाही.
"एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, बाबा."
"थे तू म्हनतं. कागद काय म्हनते?"
माय माझ्याकडं बघत होती. दिवेलागण झाली, पेन अजून बाबांच्याच हातात आहे. हे पेन्सिलीनं लिहितोय.