दोघांतला एकच वर जाणार

शनिवार संध्याकाळ, बॉथेल

माझी कंबर बरी, मीराचा खोकला थांबला, जावईबापूंची दाढ अजून रुसलेलीच. असो.

आज मीरा मला तिच्या बेसबॉल टीमच्या मॅचला घेऊन गेली. बॅटर पारखणं हे लेकीचं काम.

"बाबा, वरच्या टीमला एकच नाव द्यायचंय. डॅनी की कोल? दुसऱ्याला बहुतेक घरी पाठवतील. तू फक्त बघ."

कोल उंच, देखणा. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! येईल त्या चेंडूवर बॅट फिरवतो. डॅनी मेथी निवडावी तसा चेंडू निवडतो. वाईट चेंडू सोडताना त्याचं डोकं हलतसुद्धा नाही. पिवळं ऊन, हिरवळ आणि ते न हलणारं डोकं... मी कुठल्या कुठे हरवलो होतो.

"डॅनी," मी म्हणालो.

"मलाही तेच वाटतं," म्हणत तिनं रिपोर्ट पाठवला, लॅपटॉप मिटला.

मग कोल पुन्हा खेळायला आला. आपलं काय ठरलं, त्या बिचाऱ्याला कुठलं ठाऊक? मला राहवेना. उभा राहून एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

त्यानं वर पाहिलं, हसला आणि हेल्मेटला हात लावला.