मे महिन्यातली चादर

आये,

काल कुडाळच्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या गालाच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. महिना झाला, तिथली जखम भरत नाही. साध्या आमटीनेही आग होते. घरात सांगितलंय, दाढ भरायला गेले होते. शुक्रवारी कळेल. तोवर कुणाशी तरी बोलायला हवं, म्हणून तुझ्याशी बोलते आहे, तुला जाऊन अठरा वर्षं झाली तरी.

तुझंही असंच सुरू झालं होतं. तारकर्लीतल्या आपल्या दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, त्यांचं सगळं जेवण तू एकटी करायचीस. सकाळी चुलीवर तवा चढायचा तो आधी तंबाखू भाजायला. मग ती काळी मिशेरी बोटावर घेऊन तू हिरड्यांवर घासत बसायचीस, आणि लहानपणापासून शेजारी मीही. हिरडीवर फोड आला तेव्हा तू लवंग दाबून धरलीस. पुढे तोंडात दोन बोटंही जाईनात. मी माहेरी आले आणि फोंडाघाटातून तुला कोल्हापूरला नेलं. तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" 

अर्धा जबडा काढला, छातीचं कातडं गालाला लावलं. कित्येक दिवस नाकातल्या नळीतून पेजेचं पाणी. घरी आलीस ती पदराने तोंड झाकून. ओठ मिटत नव्हते, लाळ गळायची, बोलणं फक्त मला समजायचं. खरं सांगते, सुरुवातीला तुझ्याशी बोलताना मी तुझ्या कपाळाकडे बघायची.

तरी तू पुन्हा चुलीपुढे बसलीस. रेडिएशनचा शेक दिल्यापासून तुझी चव गेली होती. बांगड्याचं तिखलं केलंस, तिरफळं घालून, आणि पळी पुढे केलीस. "मीठ बघ गो." खारट झालं होतं. मी म्हटलं, "बराबर आसा." पाहुण्यांनी बांगडे तसेच ताटात टाकले. ती ताटं उचलताना तू माझ्याकडे वळलीस.

"माझी जीभ मेली. तुझी नाय मेली. खरां सांगूक काय झाला?"

यापुढे तुला खरंच सांगायचं असं मी ठरवलं. मग तुझ्या मानेत गाठ आली. आता औषध नाही, डॉक्टर म्हणाले. गाठीजवळची मोठी शीर कधीही फुटू शकते, फुटली तर हातात काही राहणार नाही. "गडद रंगाची जाड चादर जवळ ठेवा. रक्त दिसलं नाही तर त्या कमी घाबरतील." मी मालवणच्या बाजारातून मरून रंगाची चादर आणून तुझ्या पायथ्याशी ठेवली.

"ही चादर कित्याक?"

"थंडी लागात म्हणान."

"मे म्हयन्यात?"

तू चादरीवर हात फिरवलास. पुन्हा कधी विचारलं नाहीस. त्यानंतर तू खोकलीस की मी हातातलं भांडं टाकून धावायची. शीर काही फुटली नाही. एका दुपारी श्वास हळूहळू कमी होत तू गेलीस, चादरीची घडीही मोडली नव्हती. लोक म्हणाले, शांतपणे गेली. मी मात्र तेराव्यापर्यंत कुणी खोकलं की हातातलं टाकून उठायची.

वर्षभर मी मिशेरीला हात लावला नाही. मग परत लावला, का ते विचारू नकोस. आता दिवसातून चार-पाच वेळा मोरीचं दार लावून आरशापुढे तोंडात बोटं घालून बघते. गेल्या आठवड्यात तीन जात होती. आज तिसरं अडतंय. की मीच नीट उघडत नाही? आरशात बघताना स्वतःच्याही कपाळाकडेच बघते. मला तुझ्यासारखं चुलीपुढे परत बसता येणार नाही गो. तेवढी मी धीराची नाही.

हे पत्र पाठवायला जागा नाही, आणि घरात कुणी वाचावं असंही वाटत नाही. पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. काल कागद भरताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला कॅन्सर झाला होता?"

"नाही," मी म्हटलं.

"आई कशाने गेल्या?"

"म्हातारपणाने."

तू एक्कावन्न वर्षांची होतीस, आये.